खुर्ची सोडून गेलेल्याचं मत मोजत नाहीत: बलाढ्य देश आणि आंतरराष्ट्रीय संस्था

उत्तररात्र (धागाकर्ता)

जानेवारी १९५० मध्ये सोव्हिएत संघाचा प्रतिनिधी याकोव मलिक सुरक्षा परिषदेतून उठून गेला. चीनची जागा बीजिंगच्या नव्या सरकारला मिळेपर्यंत बसणार नाही, असं सांगून गेला. जूनमध्ये उत्तर कोरियाचं सैन्य दक्षिणेत घुसलं. परिषदेपुढे एकामागून एक ठराव आले आणि ज्याच्या एका नकाराने ते सगळे तिथल्या तिथे संपले असते, त्याची खुर्ची रिकामी होती. ठराव मंजूर झाले, अमेरिकेच्या नेतृत्वाखाली संयुक्त राष्ट्रांच्या झेंड्याचं सैन्य कोरियात उतरलं. ऑगस्टमध्ये मलिक परतला, पण तोवर व्हायचं ते होऊन गेलं होतं.

हे आज आठवायचं कारण म्हणजे २२ जानेवारी २०२६ ला अमेरिका जागतिक आरोग्य संघटनेतून बाहेर पडली. युनेस्कोत तर तिचं येणंजाणं चालूच असतं: १९८४ च्या अखेरीस बाहेर, २००३ ला आत, २०१८ च्या अखेरीस बाहेर, २०२३ ला आत, आणि आता डिसेंबर २०२६ मध्ये पुन्हा बाहेर पडण्याची सूचना देऊन झाली आहे.

माझं मत आधीच मांडतो. बलाढ्य देशाने या संस्थांमध्ये आत बसावं, वर्गणी वेळेवर भरावी आणि अधूनमधून हरायची तयारी ठेवावी. पहिल्या दोन गोष्टी पैशाच्या आणि चिकाटीच्या आहेत. तिसरी खरी कठीण. ज्याला कुणी काही करू शकत नाही, त्याने हार का मानावी? यावर इथल्या मंडळींचं म्हणणं ऐकायचं आहे.

रोखठोक

असहमत, आणि कारणं देतो.

सरकारला लोक निवडून देतात. जिनिव्हात बसलेल्या अधिकाऱ्याला कुणी निवडलं? उद्या त्याच्या निर्णयाने इथला कारखाना बंद पडला, तर मतदार जाब विचारणार आपल्या खासदाराला. जाब एकाला आणि निर्णय दुसऱ्याचा, ही लोकशाही नव्हे.

दुसरं, बाहेर पडण्याची धमकी कामाला येते. जागतिक टपाल संघ १८७४ पासूनचा. परदेशातून येणारी लहान पाकिटं वाटण्याचे दर असे ठरलेले होते की चीनहून आलेलं पाकीट अमेरिकेत पोचवायला तिथल्याच टपालखात्याला पदरमोड करावी लागायची. वर्षानुवर्षं तक्रार झाली, कुणी हललं नाही. ऑक्टोबर २०१८ मध्ये अमेरिकेने वर्षभराची नोटीस दिली आणि सप्टेंबर २०१९ मध्ये जिनिव्हात खास अधिवेशन भरवून नियम बदलले गेले. अमेरिका थांबली. नुसतं खुर्चीत बसून राहिली असती तर?

शर्वरी_म

रोखठोक, टपालाचं उदाहरण अगदी बरोबर आहे, पण ते तुमच्या बाजूने पूर्ण जात नाही. नोटीस नियमातली होती, मुदत पाळली, मागणी नेमकी होती आणि ती मान्य झाल्यावर अमेरिका राहिली. दाराशी उभं राहून वाटाघाट करणं वेगळं आणि दार आपटून निघून जाणं वेगळं. आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेतही असंच झालं, १९७७ ला बाहेर आणि १९८० ला परत.

आरोग्य संघटनेच्या बाबतीत गंमत बघा. तिच्या घटनेत बाहेर पडण्याचं कलमच नाही. १९४८ ला सामील होताना अमेरिकेने स्वतःच्या ठरावात लिहून घेतलं होतं की आम्ही वर्षभराच्या सूचनेने जाऊ शकतो, मात्र त्या वर्षाची देणी चुकती करू. म्हणजे दार स्वतः बसवून घेतलं आणि त्याचा उंबरठाही स्वतःच ठरवला.

नवा_सदस्य

प्रश्न साधा आहे. एवढे पैसे भरून एकच मत मिळत असेल तर श्रीमंत देशाला राग येणं साहजिक नाही का?

शर्वरी_म

येतो, आणि तो समजूनही घ्यायला हवा. पण हिशेब पाहा. संयुक्त राष्ट्रांच्या नियमित खर्चातला वाटा साधारण उत्पन्नाप्रमाणे ठरतो. त्याला वरची मर्यादा आहे, ती पूर्वी २५ टक्के होती, २००० साली अमेरिकेच्या आग्रहाने २२ टक्के झाली. म्हणजे ती मर्यादा श्रीमंतालाच सवलत देते. चीनचा वाटा आता २० टक्क्यांवर आलाय. उद्या अमेरिका मागे हटली तर ती पोकळी कोण भरेल, हे सांगायला ज्योतिषी नको.

आणि महासभेत एक मत असलं तरी जिथे पैशाचा खरा निर्णय होतो तिथे तसं नाही. आंतरराष्ट्रीय नाणेनिधीत मोठ्या निर्णयांना ८५ टक्के मतं लागतात आणि अमेरिकेकडे एकटीकडे साडेसोळा टक्क्यांच्या आसपास आहेत. तिच्याशिवाय पान हलत नाही.

डेकवरून

मी एकोणीस वर्षं जहाजावर काढली. या संस्थांकडे तुम्ही लोक बातम्यांतून बघता, आम्ही त्यांच्या कागदांवर जगतो. कुठल्याही बंदरात इन्स्पेक्टर चढला की तो लंडनच्या आंतरराष्ट्रीय सागरी संघटनेचे नियम घेऊनच चढतो. लाइफबोटी, अग्निशमन, अधिकाऱ्यांची सर्टिफिकेटं, सांडपाणी, सगळं त्यात आलं. एकदा आमचं जहाज एका मोठ्या देशाच्या बंदरात दोन दिवस अडकवून ठेवलं होतं, आपत्कालीन पंप चालेना म्हणून. तेव्हा मला फार राग आला होता. पण तो पंप खरंच बिघडलेला होता, आणि पुढच्या वादळात तो चालला हे मी डोळ्यांनी पाहिलंय.

टायटॅनिक बुडाल्यावर १९१४ मध्ये लंडनला करार झाला. अटलांटिकमधले हिमनग शोधायची गस्त तेव्हापासून अमेरिका घालते. खर्च मात्र त्या वाटेने जहाजं नेणारे देश वाटून घेतात. ज्याच्याकडे ताकद आहे त्याने काम करायचं, ज्याला लाभ मिळतो त्याने वाटा उचलायचा. शंभरावर वर्षं चाललंय.

आता रोखठोक यांच्या बाजूचं एक उदाहरण मीच देतो. मार्च १९८९ मध्ये अलास्काजवळ एक्झॉन वाल्डेझ हे तेलवाहू जहाज खडकावर चढलं आणि तेल पसरलं. अमेरिका लंडनच्या बैठकांची वाट बघत बसली नाही. १९९० मध्ये तिने स्वतःचा कायदा केला की तेलवाहू जहाजाला दुहेरी तळ-भिंती हव्यात, नाहीतर आमच्या बंदरात येऊ नका. जहाजमालक ओरडले. पण १९९२ मध्ये सागरी संघटनेने तोच नियम सगळ्या जगासाठी केला. एकट्याने पुढे जाणं नेहमी वाईट नसतं. पुढे गेलेला माणूस वाट करून देतो की वाट अडवतो, हे बघायचं.

पारंबी

डेकवरून, प्रतिसाद फार आवडला. असे अनुभव अजून लिहा.

फक्त त्याच लंडनच्या इमारतीतली अलीकडची गोष्ट जोडते. ऑक्टोबर २०२५ मध्ये जहाजांच्या कर्बउत्सर्जनावर शुल्क लावणाऱ्या आराखड्यावर मतदान व्हायचं होतं. अमेरिकेने पाठिंबा देणाऱ्या देशांना आयातकर आणि व्हिसाबंदीच्या धमक्या दिल्या. शेवटी ५७ विरुद्ध ४९ मतांनी विषयच वर्षभर पुढे ढकलला गेला. अमेरिका तेव्हा खोलीत होती, खुर्चीत होती. उत्तररात्र, तुमची 'आत बसावं' ही अट इथे पूर्ण झाली होती. मग?

उत्तररात्र

पारंबी, मुद्दा बोचला. आत बसणं पुरेसं नाही, हे मान्य करतो. विचार करून लिहितो.

कलम३६

वकिली करतो, म्हणून 'हरायची तयारी' या अटीबद्दल माझ्याकडे एक कथा आहे. सगळ्या वादाचा गाभा तिच्यात आहे असं मला वाटतं.

परदेशात अटक झालेल्या माणसाला आपल्या वकिलातीशी बोलता आलं पाहिजे, हा १९६३ च्या व्हिएन्ना करारातला नियम. त्याला जोडून एक ऐच्छिक जोडकरार आहे: या करारावरून भांडण झालं तर हेगच्या आंतरराष्ट्रीय न्यायालयात जायचं. याचा आधार घेऊन तिथे पहिल्यांदा कोण गेलं? अमेरिका. १९७९ मध्ये तेहरानच्या वकिलातीतले तिचे लोक ओलीस धरले गेले तेव्हा. मे १९८० मध्ये निकाल तिच्या बाजूने लागला.

पुढे चाक फिरलं. अमेरिकेत फाशीची शिक्षा झालेल्या मेक्सिकन कैद्यांना तो हक्कच सांगितला गेला नव्हता. मेक्सिकोने दावा लावला आणि मार्च २००४ मध्ये अमेरिका हरली. ५१ जणांच्या बाबतीत नियम मोडला होता. वर्षभरात, मार्च २००५ मध्ये, अमेरिकेने त्या ऐच्छिक जोडकरारातूनच अंग काढून घेतलं.

त्याच जोडकराराच्या दाराने २०१७ मध्ये भारत गेला, कुलभूषण जाधव यांच्यासाठी. १७ जुलै २०१९ ला १५ विरुद्ध १ मतांनी निकाल आला की पाकिस्तानने वकिलातीशी संपर्काचा हक्क डावलला आणि शिक्षेचा फेरविचार व्हायला हवा. ते दार अजून उघडं होतं म्हणून हे झालं.

अमेरिकेचा एखादा नागरिक उद्या असाच कुठे अडकला, तर अमेरिकेला त्या दाराने आत जाता येणार नाही. २००४ ची हार पचवली असती तर आलं असतं. हरण्याची किंमत आज दिसते. न हरण्याची किंमत नंतर येते, आणि ती तुरुंगातला कुणीतरी माणूस भरतो.

जुनीवही

कलम३६, हे वाचून थोडा वेळ काही सुचलंच नाही. सदस्यनामही आत्ता कळलं. व्हिएन्ना कराराचं कलम ३६ ना?

कलम३६

हो, तेच. हेगच्या न्यायालयाच्या अधिकारक्षेत्राचं कलमही ३६ च आहे.

रोखठोक

कलम३६ यांची कथा मनाला लागली. पण ही न्यायालयं बलाढ्यांना मुळात लागूच होत नाहीत, हे तुम्ही सोडून देताय.

निकाराग्वाने १९८४ मध्ये हेगला अमेरिकेविरुद्ध दावा लावला. न्यायालयाने 'आम्हाला हा खटला ऐकता येतो' म्हटल्याबरोबर अमेरिका उठून गेली. जून १९८६ मध्ये निकाल विरुद्ध लागला, आणि त्याची अंमलबजावणी मागणारा ठराव सुरक्षा परिषदेत तिनेच नकाराधिकाराने पाडला. चीनने २०१६ चा दक्षिण चीन समुद्राचा निवाडा कागदाचा तुकडा ठरवला. १९५६ मध्ये सुएझवर ब्रिटन-फ्रान्सनेही परिषदेत नकाराधिकार वापरला, आणि शेवटी मागे हटले ते अमेरिकेने पौंडाचा गळा आवळला म्हणून. बळी तो कान पिळी. मला हे आवडतं असं नाही, पण जे आहे ते बघून धोरण ठरवावं.

पारंबी

मग २०१४ चं काय? बंगालच्या उपसागरात भारत आणि बांगलादेश यांच्यात २५,६०२ चौरस किलोमीटरचा वाद होता. लवादाने १९,४६७ बांगलादेशला दिले. भारत कितीतरी मोठा, आरमार कितीतरी मोठं. भारताने निवाडा मान्य केला. दोनच वर्षांनी चीनने आपला निवाडा फेटाळला. एकच सागरी कायदा, दोन मोठे शेजारी.

रोखठोक

बांगलादेशशी भारताला इतर शंभर कामं होती, मैत्री टिकवायची होती. तो हिशेब होता.

पारंबी

असू दे की हिशेब! मी बलाढ्य देशाकडून संतपण मागतच नाही. लांबचा हिशेब करा एवढंच म्हणते.

शर्वरी_म

लांबच्या हिशेबावरून आठवलं. १९९० मध्ये कुवेत सोडवण्यासाठी अमेरिकेने सुरक्षा परिषदेची परवानगी काढली. १२ मतं बाजूने, येमेन आणि क्युबा विरोधात, चीन तटस्थ. युद्धाचा खर्च साधारण ६१ अब्ज डॉलर झाला आणि त्यातले सुमारे ५४ अब्ज इतर देशांनी भरले. २००३ मध्ये परवानगीशिवाय इराकमध्ये गेली, तेव्हा ओझं बहुतेक तिच्याच खांद्यावर आलं. परवानगी म्हणजे नैतिक शोभेची वस्तू आहे असं समजणाऱ्यांनी ही दोन बिलं शेजारी ठेवून पाहावीत.

आणि पायंडा पडतो ते वेगळंच. १९९९ मध्ये परिषदेला वगळून नाटोने कोसोव्होसाठी सर्बियावर बॉम्बफेक केली. तिथल्या लोकांवरचा अत्याचार खरा होता, माझं मन आजही त्या निर्णयावर दोन्हीकडे ओढलं जातं. पण मार्च २०१४ मध्ये क्रिमिया गिळताना पुतिन यांनी कोसोव्होचाच दाखला दिला.

जुनीवही

थोडं वेगळ्या वाटेने जाते, अवांतर वाटलं तर सांगा.

माझे वडील देवीच्या रोगाच्या मोहिमेत लस टोचायला होते, १९७३ ते ७५. दोन टोकांची ती सुई त्यांनी शेवटपर्यंत जपून ठेवली होती. ते सांगायचे की लशीच्या कुप्यांवर रशियन अक्षरं असायची आणि सूचनांचे कागद जिनिव्हाहून यायचे. वर्तमानपत्रात त्या दोन महासत्ता एकमेकींवर अण्वस्त्रं रोखून बसलेल्या, आणि यांच्या पिशवीत दोघींचं काम एकत्र.

नंतर मी वाचलं तेव्हा कळलं की सोव्हिएत संघ १९४९ मध्ये आरोग्य संघटना सोडून गेला होता. परत आल्यावर १९५८ मध्ये त्यांच्या व्हिक्टर झ्दानोव्ह यांनी मिनिआपोलिसच्या सभेत, म्हणजे अमेरिकेच्या भूमीवर, देवी जगातून हद्दपार करायचा प्रस्ताव मांडला. भाषणात त्यांनी अमेरिकन अध्यक्ष जेफरसनने देवीची लस शोधणाऱ्या जेन्नरला लिहिलेल्या पत्राचा उल्लेख केला. १९६७ पासून नेटाने चाललेल्या मोहिमेचा प्रमुख होता अमेरिकन, डी. ए. हेंडरसन. ८ मे १९८० ला रोग संपल्याचं जाहीर झालं.

रोखठोक, तुम्ही म्हणता बळी तो कान पिळी. पण दोन बळी एकमेकांचे कान पिळत बसले असते तर माझ्या वडिलांची पिशवी रिकामी राहिली असती. त्यांनी किती दंड टोचले याची त्यांच्याकडे एक वही होती. माझं नाव तिच्यावरून आहे.

डेकवरून

जुनीवही, मुळीच अवांतर नाही. धाग्यातला हाच सर्वात नेमका प्रतिसाद आहे.

नवा_सदस्य

छोट्या देशांनी मुळात नकाराधिकार मान्यच का केला? तो नसता तर अर्धा प्रश्न सुटला असता ना?

कलम३६

मान्य केला नाही, करावा लागला. १९४५ मध्ये सॅन फ्रान्सिस्कोला ऑस्ट्रेलियाच्या हर्बर्ट इव्हॅट यांनी त्याच्याविरुद्ध मोठी लढाई दिली. तेव्हा अमेरिकन सेनेटर टॉम कॉनली यांनी संयुक्त राष्ट्रांच्या सनदेच्या मसुद्याची प्रत सगळ्यांसमोर फाडून दाखवली, म्हणजे नकाराधिकार नको असेल तर सनदच नाही.

त्यांच्या मनात १९१९-२० ची आठवण होती. संयुक्त राष्ट्रांच्या आधीच्या राष्ट्रसंघाची कल्पना अमेरिकेचे अध्यक्ष विल्सन यांनी उचलून धरली आणि अमेरिकेच्याच सेनेटने ती नाकारली. मग १९३३ मध्ये जपान आणि जर्मनी निघून गेले, १९३७ मध्ये इटली. बलाढ्यांशिवायचा संघ काय करू शकतो ते इटलीने गिळलेल्या अबिसिनियाच्या (आजच्या इथिओपियाच्या) सम्राटाने १९३६ मध्ये जिनिव्हात उभं राहून जगाला सांगितलं होतं. नकाराधिकार ही बलाढ्यांना घरात ठेवण्यासाठी दिलेली किंमत आहे. महाग आहे. मला ती टोचते. पण कशासाठी दिली हे विसरू नये.

पारंबी

आणि घरात ठेवलेल्यांनी दुसऱ्यांनाही जागा द्यायला हवी. नाणेनिधीत उगवत्या देशांचा वाटा वाढवायचं २०१० मध्ये ठरलं. अमेरिकन काँग्रेसने ते डिसेंबर २०१५ पर्यंत अडवलं. दरम्यान चीनने आशियाई पायाभूत गुंतवणूक बँक काढली आणि मार्च २०१५ मध्ये खुद्द ब्रिटनने अमेरिकेचा सल्ला डावलून तिच्यात पाय ठेवला. जुन्या घरात खोली मिळाली नाही की माणूस नवं घर बांधतो.

रोखठोक

पारंबी, हे मात्र शंभर टक्के पटलं. भारतालाही हेच लागू आहे, कायम जागेसाठी किती वर्षं दार ठोठावायचं?

उत्तररात्र

काल रात्री सगळे प्रतिसाद पुन्हा वाचले. माझी मांडणी बदलतो.

पारंबी म्हणाल्या ते खरं आहे, खुर्चीत बसूनही दांडगाई करता येते. आणि रोखठोक यांचा टपालाचा दाखला दाखवतो की बाहेर पडण्याची सूचनासुद्धा नियमात राहून देता येते. म्हणून 'आत की बाहेर' हा माझा प्रश्न अपुरा होता. आता मी असं विचारेन: बलाढ्य देश जे मागतो, ते दुसऱ्याने त्याच्याकडे मागितलं तर तो देईल का? दुहेरी तळाचा नियम अमेरिकेने आधी स्वतःच्या बंदरांना आणि स्वतःच्या तेलकंपन्यांना लावला, म्हणून जगाने घेतला. वकिलातीच्या हक्काचा तिने तेहरानकडे आग्रह धरला आणि मेक्सिकोला तोच नाकारला, म्हणून तिथे तिचा शब्द हलका झाला. 'आपला तो बाळ्या' हे धोरण म्हणून फार दिवस चालत नाही.

हरण्याबद्दल मात्र माझं मत तेच आहे. २००२ मध्ये बुश यांनी पोलादावर ३० टक्क्यांपर्यंत आयातकर लावला, नोव्हेंबर २००३ मध्ये जागतिक व्यापार संघटनेच्या अपिली मंडळाने तो बेकायदा ठरवला, डिसेंबरात त्यांनी मागे घेतला. युरोप उलट कर लावेल ही धमकी डोक्यावर होती हे खरं, पण घेतला. आज ते मंडळ ओस पडलंय. नव्या सदस्यांच्या नेमणुका अमेरिकेने अडवल्या आणि डिसेंबर २०१९ पासून खटला ऐकायला लागणारे तीन सदस्यही उरले नाहीत. पंच नसेल तर हरायचा प्रश्नच येत नाही, आणि जिंकायचाही.

रोखठोक

अँटिग्वा आणि बार्बुडाला विचारा. लाखभरसुद्धा वस्ती नसलेला देश. इंटरनेटवरच्या जुगाराच्या खटल्यात अमेरिकेविरुद्ध जिंकला, २००७ मध्ये भरपाई म्हणून वर्षाला २ कोटी १० लाख डॉलरपर्यंत व्यापारी प्रतिकार करण्याची परवानगी मिळाली. पण एवढासा देश अमेरिकेवर काय कर लावणार? पंच असूनही ही अवस्था.

तरी एक सांगतो. धागा सुरू झाला तेव्हा मी म्हणालो असतो की अमेरिकेने ती भरपाई का द्यावी. आता म्हणतो, एवढी रक्कम तिच्यासाठी काहीच नव्हती, देऊन टाकायला हवी होती. नाव तरी राहिलं असतं.

नवा_सदस्य

मग सुरुवात कुठून करायची? मोठे देश एकदम बदलणार नाहीत. एखादी छोटी, लगेच करता येण्यासारखी गोष्ट?

कलम३६

आहे, आणि त्यासाठी नवा करार नको. सनदेच्या कलम २७ च्या तिसऱ्या उपकलमात लिहिलेलंच आहे की वाद शांततेने मिटवण्याच्या प्रकरणाखालील निर्णयांवर, जो देश त्या वादात पक्षकार आहे त्याने मतदान करू नये. नकाराधिकारवाल्यालाही हे लागू. सुरुवातीच्या वर्षांत ते पाळलं जायचं. १९६० मध्ये नाझी युद्धगुन्हेगार आइशमनला इस्रायलने आपल्या भूमीवरून उचलून नेल्याची तक्रार अर्जेंटिनाने परिषदेत नेली, तेव्हा अर्जेंटिना स्वतः सदस्य होता, पण आपल्याच ठरावावर त्याने मत दिलं नाही. पुढे ही सवय सुटली. कायम सदस्यांपैकी एकाने जरी उद्यापासून पाळायचं ठरवलं, तरी कुणाची परवानगी लागणार नाही.

डेकवरून

हे मला माहीतच नव्हतं. पाच जणांपैकी आधी कोण करेल असं वाटतं?

रोखठोक

ब्रिटन किंवा फ्रान्स. बाकीच्या तिघांचं वेगळं आहे. पण ही मागणी करायला मी तयार आहे. कलम३६, त्या उपकलमावर वेगळा धागा काढाल का?

कलम३६

रविवारी लिहितो.